६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या तिथेच का थांबते?

केतकी_ना

कापरेकरांची ६१७४ ही संख्या आपल्यापैकी बहुतेकांना फॉरवर्डमधून माहीत झालेली असते. "कुठलीही चार अंकी संख्या घ्या, बघा जादू!" एवढं वाचायचं, एकदा करून बघायचं, कुणाला तरी पुढे पाठवायचं. मला वाटतं खरी गंमत त्याच्या पुढे आहे. असं का होतं हे समजायला मोठं गणित लागत नाही, आठवी-नववीची बीजगणिताची तयारी पुरते. तरीही "का" कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

आधी कृती. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा.

कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेऊ:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, पुन्हा तेच, कितीही वेळा. सातव्या पायरीला पोचलो. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठल्याही संख्येला लागत नाहीत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. ६१७४ चा हा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात त्यावर त्यांचं टिपण आलं. त्या वेळी हे सगळं हाताने करून पाहिलेलं होतं हे लक्षात घ्या.

प्रश्न असा: ६१७४ च का? आणि सगळ्या संख्या तिकडेच का जातात? मला जे उत्तर माहीत आहे ते लिहीनच, पण आधी तुम्ही विचार करून बघा.

---

बंडू_मिरज

मस्त धागा. परिषदेचं सालच घालून बघितलं, १९४९. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. हीही बरोबर सात पायऱ्यांची निघाली!

---

पाटीवरची_अक्षरं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. हातच्याच्या वजाबाकीचा सराव मुलांना कंटाळवाणा होतो, तिथे मी ही कृती वापरते. एका पानावर सात वजाबाक्या होतात आणि शेवट सगळ्यांचा एकच, त्यामुळे तपासायला वही गोळा करावी लागत नाही. ज्याचं ६१७४ येत नाही तो आपण होऊन मागे जाऊन चूक शोधतो.

वर्गात करून घेणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगा. शून्य गाळायचं नाही. २१११ घेतलं की २१११ − १११२ = ९९९ येतं. मुलं ९९९ ला तीन अंकी समजून ९९९ − ९९९ = ० करतात आणि "बाई, आमचं शून्य आलं" म्हणून उठतात. ते ०९९९ आहे. ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि गाडी पुढे चालू. चार घरं आहेत आणि ती शेवटपर्यंत चारच राहणार, हे फळ्यावर चार चौकटी काढून दाखवलं की प्रश्न मिटतो.

केतकीताई, "का" लवकर लिहा. मुलं विचारतात आणि मला तीन अंकीपर्यंतच सांगता येतं.

---

शंका_आहे

विषय रंजक आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. असल्या गुणधर्मांना गणितात फारसं स्थान नसतं, आणि त्याला कारण आहे. आपण संख्या दहाच्या पायावर लिहितो (म्हणजे प्रत्येक घराची किंमत उजवीकडच्या घराच्या दहापट) कारण आपल्याला दहा बोटं. अंक उलटसुलट करणं म्हणजे संख्येशी खेळणं नव्हे, ती लिहायच्या पद्धतीशी खेळणं. ७ ही मूळ संख्या आहे हे कुठल्याही पद्धतीत खरं राहतं. ६१७४ चा हा गुण पाया बदलला की नाहीसा होतो. मग तो ६१७४ चा गुण म्हणायचा, की दशमान पद्धतीचा?

---

केतकी_ना

@शंका_आहे, आक्षेप योग्य आहे आणि त्याला चांगलं उत्तरही आहे. आधी "का" लिहिते, मग पाया बदलण्याकडे येऊ.

चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरा. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

चार अंक होते, उत्तर मात्र दोनच गोष्टींवर ठरतं: टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला क्ष म्हणू, दुसऱ्याला य. मधले अंक टोकांच्या आतच असतात, म्हणून य कधीही क्ष पेक्षा मोठा नसतो. क्ष १ ते ९, आणि प्रत्येक क्ष साठी य ० ते क्ष. जोड्या किती? २ + ३ + ४ + … + १० = ५४.

म्हणजे ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या ९९९० संख्या (सारख्या अंकांच्या दहा सोडून) पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर येऊन पडतात. जिला आपण जादू म्हणतो तिचं निम्मं काम या पहिल्या पायरीत उरकलेलं असतं.

आता त्या ५४ संख्यांचे अंक बघा. य शून्य नसेल तर उत्तराचे अंक डावीकडून असे येतात:

क्ष, य − १, ९ − य, १० − क्ष

६१७४ वर ताडून पाहा. क्ष = ६, य = २. अंक ६, १, ७, ४. बरोबर. टोकाच्या दोन अंकांची बेरीज नेहमी १०, मधल्या दोघांची नेहमी ८.

पुढच्या पायरीला अंकांचा क्रम आपण मोडणारच आहोत. त्यामुळे क्ष = ६ घ्या की क्ष = ४, टोकाचे अंक ६ आणि ४ च. य = २ घ्या की य = ८, मधले अंक १ आणि ७ च. टोकांसाठी फक्त पाच पर्याय उरतात: ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५. मधल्यांसाठीही पाच: ०-८, १-७, २-६, ३-५, ४-४. पाच पाचे पंचवीस. य = ० असेल तर मधे दोन नऊ येतात आणि टोकाच्या अंकांची बेरीज ९ होते, त्याचे आणखी पाच प्रकार. एकूण ३०.

तीस! दहा हजारांपासून निघालो आणि तिसांवर आलो. आता या तिसांची एकेक वजाबाकी करायची आणि कोण कुठे जातं ते बाण काढून दाखवायचं, हे एका बैठकीचं काम आहे. शेवटचे टप्पे सांगते, बाकीचे तुम्ही भरा:

८५३२ मधून थेट ६१७४.
९७११, ९६२१, ८८२० आणि ८७३० हे चारही ८५३२ च्या अंकांवर येतात.
७५३३ आणि ६६४२ मधून ४१७६, म्हणजे ६१७४ चेच अंक.
९९६३ मधून ६२६४, तिथून वरच्या ओळीत.
६५४३ मधून ३०८७, म्हणजे ८७३० चे अंक.

पूर्ण तक्ता काढलात की दिसेल, सगळे बाण उपनद्यांसारखे एकाच पात्रात उतरतात. कुठेही दुसरा भोवरा नाही.

हा माझ्या मते पुरावाच आहे, आणि कापरेकरांच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भागही हाच. तीस वजाबाक्या कुणीही तपासू शकतं.

---

वाचनमात्र_होतो

इतकी वर्षं ही संख्या माहीत होती, आज कळली. ५४ आणि मग ३०, हे कधीच कुठे वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

नीलकंठ_कोथरूड

कृती बाजूला ठेवून नुसती ६१७४ ही संख्या घेऊन बसलो तर काय हाती लागतं ते लिहितो. इथे मला खूप मजा आली.

अवयव पाडा: ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. सातपेक्षा मोठा एकही मूळ अवयव नाही. या सहा अवयवांचे वर्ग मिळवा: ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९ = १६९, म्हणजे १३ चा वर्ग. हा योगायोग आहे, त्यामागे मला काही कारण दिसत नाही, म्हणून पुढे जातो.

अंकांची बेरीज: ६ + १ + ७ + ४ = १८. आणि ६१७४ ला १८ ने भाग जातो. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनीच 'हर्षद संख्या' असं नाव दिलंय. म्हणजे ६१७४ हर्षद आहे. पण भागाकार काय येतो ते बघा: ३४३. सातचा घन!

अजून पुढे. १८ चा वर्ग ३२४. ३२४ + १८ + १ = ३४३. म्हणून

६१७४ = १८ × ३४३ = १८ × (१८² + १८ + १) = १८³ + १८² + १८

स्वतःच्या अंकांच्या बेरजेचा घन, वर्ग आणि ती बेरीज, तिघांची बेरीज केली की संख्या परत मिळते. ताळा: ५८३२ + ३२४ + १८ = ६१७४. १८ च्या पायावर लिहिली तर ही संख्या १११० अशी दिसते.

यातला १८² + १८ + १ = ७³ हा तुकडा वरवर साधा वाटतो. कुठल्याही धन पूर्ण संख्येचा वर्ग, ती संख्या आणि एक, यांची बेरीज कधी पूर्ण घन होते? नॉर्वेचे नागेल आणि युंगग्रेन या दोघांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कामातून हे सिद्ध झालं, की १८ सोडून दुसरी अशी धन संख्याच नाही. एकच. आणि ती एकमेव संख्या ६१७४ च्या पोटात बसली आहे.

@शंका_आहे, १८ आणि ७ ची ही जोडी बोटांवर अवलंबून नाही. ती कुठल्याही पायावर खरी आहे.

---

देवळालीकर_४२२

आमच्या गावाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. देवळालीच्या नावाने संख्यांचा एक प्रकारच आहे हे इथे किती जणांना माहीत आहे?

कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. २१ घेतली तर २१ + ३ = २४. म्हणजे २४ ची जनक २१. पण काही संख्यांना जनकच नसतो. २० बघा: कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ … या स्वयंभू संख्या. कापरेकरांनी त्यांना देवळालीचं नाव दिलं. पुढे गणितात त्या 'सेल्फ नंबर' म्हणून रुळल्या. ३१, ४२, ५३ यांत दर वेळी ११ ने वाढ होते, ती १०८ पर्यंत टिकते.

आता धाग्याच्या विषयाला धरून. ६१७४ ही देवळाली संख्या आहे का? नाही. तिला जनक आहे: ६१५६. अंकांची बेरीज १८, ६१५६ + १८ = ६१७४. मग ६१५६ चा जनक? ६१३८. तिचीही बेरीज १८. मग ६१३८ चा? इथे थांबावं लागतं. ६१३८ ला जनक नाही.

कारण सोपं आहे. एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोघांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते. ६१३८ ला ९ ने भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा, आणि त्याच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ च असू शकते. ६१२९ ची बेरीज हवी ९, आहे १८. ६१२० ची बेरीज: ६ + १ + २ + ० = ९. हवी १८, आहे ९. ६१११ ची हवी २७, आहे ९. तिन्ही बाद.

म्हणजे ६१७४ चं घराणं सुरू होतं ६१३८ या देवळाली संख्येपासून: ६१३८, ६१५६, ६१७४, ६१९२, ६२१० … नातं दशमान पद्धतीतलंच, पण मला ते मोलाचं वाटतं. मास्तरांच्या एका शोधाचं मूळ दुसऱ्या शोधात सापडतं.

---

जुनी_पाटी

@देवळालीकर, फार सुंदर. कापरेकरांची नावं ठेवायची पद्धत मला नेहमी जवळची वाटते. देवळाली संख्या, हर्षद संख्या, आणि डेमलो संख्या तर एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून. १, १२१, १२३२१, १२३४३२१ या डेमलो संख्या. त्या १, ११, १११, ११११ चे वर्ग आहेत. गणितातली बहुतेक नावं युरोपातल्या प्राध्यापकांची. त्यांच्यात जी.आय.पी. रेल्वेचं एक स्थानक आणि नाशिकजवळचं एक गाव जाऊन बसलं, हे मला साधं वाटत नाही.

नवीन वाचकांसाठी: 'कापरेकर संख्या' हा आणखी वेगळा प्रकार, ६१७४ शी त्याची गल्लत होते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. तसंच २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. ७०३ करून बघा. ६१७४ ला म्हणायचं 'कापरेकर स्थिरांक'.

त्यांच्या हयातीत आपल्याकडच्या गणितज्ञांनी या कामाला फारशी किंमत दिली नाही, हे खेदाने लिहावं लागतं. बरंचसं लेखन छोट्या नियतकालिकांत आलं, काही त्यांनी स्वतः छापून घेतलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. तोवर ते सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये देवळालीलाच गेले.

---

शंका_आहे

सगळे प्रतिसाद वाचले. १८ आणि ७ ची जोडी माहीत नव्हती, त्याबद्दल नीलकंठ यांचे आभार. तीस गटांचा पुरावाही पटला. माझा मूळ मुद्दा मात्र तसाच आहे. ही कृती दहाच्या पायाबाहेर नेली तर काही शिल्लक राहतं का?

---

केतकी_ना

राहतं, आणि इथेच हा विषय मला सगळ्यात खोल वाटतो.

पाया १० ऐवजी ५म धरा. म कुठलीही धन पूर्ण संख्या. आता हे चार अंक घ्या:

३म, म − १, ४म − १, २म

उतरत्या क्रमाने लावा: ४म − १, ३म, २म, म − १. टोकांतला फरक ३म. मधल्यांतला फरक म. कृतीचं सूत्र नव्या पायावर असं होतं: क्ष, य − १, पाया − १ − य, पाया − क्ष. क्ष = ३म आणि य = म टाका: ३म, म − १, ४म − १, २म. परत तीच संख्या!

म = २ ठेवा, पाया १०: ६, १, ७, ४. म = १ ठेवा, पाया ५: ३०३२. म = ३, पाया १५: अंक ९, २, ११, ६. पाचाच्या पाढ्यातल्या प्रत्येक पायाला स्वतःची ६१७४ आहे. बोटांचा यात संबंध येतो तो इतकाच, की दहा ही संख्या पाचाच्या पाढ्यात बसते.

आता दुसरा प्रश्न. त्या स्थिर संख्येकडे सगळ्या जातात का? पाचाच्या पायावर जातात, ते मी हाताने करून पाहिलंय, फार थोडे गट आहेत. पंधराच्या पायावर जात नाहीत. तिथे १३, ८, ५, २ या अंकांपासून निघालात तर पुढे ११, २, ११, ४, मग ९, ६, ७, ६, मग ३, ०, १३, १२, आणि पुन्हा १३, ८, ५, २. चार संख्यांचं हे चक्र कधी सुटत नाही. स्थिर संख्या शेजारी असून तिच्याकडे हे चौघे कधीच पोचत नाहीत.

मग कुठल्या पायांवर सगळ्या जातात? हे काम १९७८ मध्ये 'क्रेले जर्नल'मध्ये छापून आलं. लिहिणारे दोघे, हेल्मुट हासे आणि प्रिचेट. हासे म्हणजे विसाव्या शतकातल्या बीजगणिती संख्या सिद्धांतातलं फार मोठं नाव, आणि 'क्रेले' हे १८२६ पासून चालत आलेलं नियतकालिक. निष्कर्ष असा: चार अंकांसाठी असा सर्वांना ओढून घेणारा स्थिरांक पाया ५ ला असतो, किंवा ५ ला २ च्या विषम घाताने गुणून येणाऱ्या पायांना. ५, १०, ४०, १६० … २० ला नाही, १५ ला नाही.

दहा या यादीत आहे. म्हणून देवळालीच्या शाळेत एका मास्तरांना ते सापडू शकलं. आपण वीसच्या पायावर मोजत असतो तर चार अंकांत हे घडलंच नसतं. आणि ज्या प्रश्नाला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं, त्याचं पूर्ण उत्तर काढायला हासेंसारखा माणूस आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात बसला. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

---

शंका_आहे

३म, म − १, ४म − १, २म. हे स्वतः कागदावर करून बघितलं. आता मुद्दा राहिला नाही. आभार. हासेंचं नाव या विषयात येईल असं वाटलं नव्हतं.

---

निमा_एडिसन

काल रात्री मुलीबरोबर छोटा प्रोग्राम लिहिला. ०००० ते ९९९९, शून्यं राखून, सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळून. कुणाला किती पायऱ्या लागतात:

१ पायरी: ३८३
२ पायऱ्या: ५७६
३ पायऱ्या: २४००
४ पायऱ्या: १२७२
५ पायऱ्या: १५१८
६ पायऱ्या: १६५६
७ पायऱ्या: २१८४

यांत खुद्द ६१७४ मिळवली की ९९९० पूर्ण. बंडूंना आणि केतकीला दोन्ही सालं सात पायऱ्यांची मिळाली त्यात फार नवल नाही, पाचातली एक संख्या तशी असतेच. सगळ्यात जास्त तीनच्या आहेत.

३८३ चा ताळा आम्ही हाताने घेतला. टोकांत ६ चा फरक आणि मधल्यांत २ चा, अशा संख्या मोजल्या. सगळ्यात लहान अंक ०, १, २ किंवा ३. प्रत्येकासाठी मधल्या जोडीच्या पाच जागा. त्यांपैकी दोन जागांना एक अंक दोनदा येतो, तिथे १२ मांडण्या, उरलेल्या तीन जागांना २४. म्हणजे २४ + ७२ = ९६, चार वेळा ३८४. त्यातून ६१७४ स्वतः वजा, ३८३. मुलीला हे जुळल्याचा जो आनंद झाला तो प्रोग्राम चालल्यावरही झाला नव्हता.

पाच अंकांवर चालवलं तर एकही स्थिर संख्या नाही, तीन चक्रं आहेत:

५३९५५, ५९९९४
६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४
६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३

सहा अंकांना दोन स्थिर संख्या, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्र. म्हणजे तीन आणि चार अंक सोडले तर एवढा स्वच्छ प्रकार पुढे लगेच मिळत नाही.

---

श्रद्धा_आणि_सबुरी

सगळे प्रतिसाद वाचले, बरंच कळलं. एक विचारते. अंकांची बेरीज १८, पुढे १ + ८ = ९, आणि नऊ हा पूर्ण अंक मानतात. याचा काही संबंध असेल का? आमच्या ग्रुपवर तसं आलं होतं.

---

नीलकंठ_कोथरूड

ताई, नवाचा संबंध आहे, आणि तो स्वच्छ सांगता येतो. कुठलीही संख्या आणि तिचेच अंक वेगळ्या क्रमाने लावून केलेली संख्या, दोघींना ९ ने भागलं तर बाकी सारखीच उरते, कारण दोघींच्या अंकांची बेरीज एकच. वजाबाकीत ती बाकी उडून जाते. म्हणून या कृतीत येणारं प्रत्येक उत्तर ९ च्या पाढ्यातलं असतं, ६१७४ एकटीच नाही. केतकी यांचं सूत्र पाहा, ९९९ आणि ९०, दोन्हींना ९ ने भाग जातो. पाचाच्या पायावर हेच काम ४ करतो. पायापेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येचा हा गुण आहे.

---

पाटीवरची_अक्षरं

केतकीताई, ३० गटांचा तक्ता मी मोठ्या कागदावर काढला, सगळे बाण जुळले. सातवीला दाखवण्याआधी तीन अंकीपासून सुरुवात करणार आहे. माझ्याकडे आहे ते बरोबर आहे का बघा.

अंक अ, ब, क. वजाबाकी ९९(अ − क). मधला अंक गळूनच जातो. उत्तरं नऊच: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. प्रत्येकात मधे ९ आणि टोकांची बेरीज ९. पुढची पायरी: ९९० पासून ८९१, तिथून ७९२, तिथून ६९३, तिथून ५९४, तिथून ४९५. आणि ९५४ − ४५९ = ४९५. जास्तीत जास्त सहा पायऱ्या.

---

केतकी_ना

अगदी बरोबर. नऊ उत्तरांचे पाच गट होतात (०९९, १९८ आणि ८९१, २९७ आणि ७९२, ३९६ आणि ६९३, ४९५ आणि ५९४) आणि ते एका सरळ रांगेत आहेत, फाटे नाहीत. म्हणून मुलांना आधी हे दाखवणं चांगलं. चार अंकांत फाटे येतात, तिथे ३० चा तक्ता लागतो. दोन अंकी हवं असेल तर ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. तिथे स्थिर संख्या नाही, नुसतं चक्र आहे. तुलनेला उपयोगी पडेल.

---

पाटीवरची_अक्षरं

मग दोन, तीन, चार या क्रमाने घेते. निमाताईंची पाच अंकांची तिन्ही चक्रं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवीन. आपला पिनकोड सहा अंकी, तो बाद, पण ज्याच्या त्याच्या आवडीची पाच अंकी संख्या कुठल्या चक्रात पडते ते मुलं घरून शोधून आणतील. काय निघालं ते इथे कळवते.